पोटातली पुणेकरीण

तोताराम फेगड्याच्या गिरणीतलं पीठ इतकं बारीक असायचं, की पिठाचा डबा उघडा घेऊन जाणाऱ्या बाईनं वाटेत कुणाशी बोलू नये, असा पिंपळझिऱ्यात दंडकच होता. बोललीच, तर घरी पोचेपर्यंत अर्धा डबा तिच्या श्वासावर उडून गेलेला असायचा. एकदा म्हणे सरपंचांच्या सुनेला गिरणीच्या दारात शिंक आली, आणि समोरची केळीची बाग दुपार कलेपर्यंत कुणाला दिसली नाही. यातलं खरं किती, हे विचारू नये. पण दोन हजार एकेचाळीस साल उजाडलं, घरोघरी ओट्याखाली घरघंटी आली, केळीचे घड मोजायला ड्रोन घिरट्या घालू लागले, तरी तोतारामच्या दारातली डब्यांची रांग हटली नाही, एवढं मात्र गाव शपथेवर सांगेल.

असा हा पिठाचा राजा त्या साली स्वतःच वाळत चालला होता. आधी पोट बिघडलं. मग पायजम्याची नाडी रोज थोडी जास्त उरू लागली. मग मानेवर, उजव्या कानाच्या खाली, सुपारीएवढी गाठ आली. तपासणीत निघालं की गाठीतला क्षय आहे. गोळ्या सुरू झाल्या. तोताराम गोळ्या वेळेवर घ्यायचा, त्याची बायको गोजरबाई समोर उभी राहून घ्यायला लावायची, आणि गाठ दोघांनाही न जुमानता सुपारीची लिंबाएवढी झाली.

प्राथमिक आरोग्य केंद्रात तेव्हा डॉक्टर शबनम तडवी होत्या. वयानं लहान, बोलायला मऊ, पण एकदा रुग्णाच्या मागे लागल्या की सातपुड्यातलं अस्वलही वाट सोडून देईल अशा. त्यांनी तोतारामचं रक्त तपासलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"काका, गोळी तोंडात जाते, पण रक्तात सापडत नाही. नळ चालू आहे, हौद कोरडा. मधे कुठेतरी गळती आहे."

गळती आतड्यात निघाली. तडवी मॅडमनी पडद्यावर चित्र दाखवून समजावलं. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी दाट लव असते. खाल्लेलं सगळं त्या लवेतूनच रक्तात शिरतं. गव्हात एक चिकट पदार्थ असतो, ज्याच्यामुळे कणीक ताणली जाते. काही माणसांच्या शरीराला तो पदार्थ शत्रू वाटतो. अंगातले शिपाई त्याच्यावर तुटून पडतात, आणि त्या मारामारीत घरचीच मखमल झडून जाते. या रोगाला सीलिअ‍ॅक म्हणतात. तो कधी बाळपणी उघड होतो, कधी म्हातारपणी.

"पण मॅडम, पोटाचा रोग पोटात राहू द्या. मानेवर क्षय कुठून आला?"

"क्षयाचे जंतू आपल्याकडे कितीतरी लोकांच्या अंगात झोपलेले असतात. शिपाई त्यांना वेढा घालून बसतात, त्यामुळे बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. पण मखमल झडली की शिपायांचा शिधा तुटतो. उपाशी शिपायांचा वेढा ढिला पडतो आणि आतला जंतू जागा होतो. म्हणून सीलिअ‍ॅकवाल्यांत क्षय इतरांपेक्षा जास्त दिसतो. त्यात गोळीलाही त्याच मखमलीतून जायचं असतं."

तोतारामनं जरा विचार केला. "म्हणजे चोर घरात, शिपाई उपाशी, आणि फौजदाराची गाडी चिखलात."

"अगदी तसंच. चिखल काढायचा उपाय एकच. गहू बंद. मखमल पुन्हा उगवते, पण गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये."

शेजारी बसलेली गोजरबाई म्हणाली, "गिरणीवाल्याला गहू बंद म्हणजे कोळ्याला पाणी बंद झालं, मॅडम."

"दळायला कोण नको म्हणतंय, काकू? खायला नको."

इथे तडवी मॅडम चुकल्या. पण ते कळायला वेळ होता.

त्यांनी तोतारामला मसुरीच्या डाळीएवढा एक दाणा गिळायला दिला. हा दाणा आतड्याला जळवेसारखा चिकटायचा आणि वर्षभर तिथे ठाण मांडून बसायचा. गव्हाचा अंश समोरून गेला की ओळखायचा, औषध रक्तात किती शिरतंय तेही मोजायचा, आणि रोज सकाळी हकिगत कळवायचा. पण रुग्णाला नाही. रुग्ण लपवतात, हा सरकारचा जुना अनुभव. म्हणून हकिगत जायची ती उपचाराच्या सोबत्याला. सोबती अर्थात गोजरबाई. तिला केंद्रातून एक फोन मिळाला. फोनमधली बाई इतकं शुद्ध, इतकं तोलून बोलायची, की दुसऱ्याच दिवशी आळीनं तिचं नाव ठेवलं पोटातली पुणेकरीण.

गोजरबाईनं घर धुऊन काढलं. गव्हाची कोठी दिराकडे गेली. ज्वारीची भाकरी, बाजरीची भाकरी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, असा फेरा सुरू झाला. आणि एका सकाळी, ती चुलीपाशी असताना, फोन बोलला.

"सुप्रभात. रुग्णाच्या आतड्यात काल गव्हाचा अंश आढळला आहे. सोबती म्हणून आपण कमी पडत नाही ना, याचा विचार व्हावा."

गोजरबाईच्या हातातली भाकरी तव्यावर तिरकी पडली. तिनं विचार केला आणि तडवी मॅडमना विचारलं. बाजारातल्या हिंगात गव्हाचं पीठ कालवलेलं असतं, असं निघालं. हिंगाची डबी उकिरड्यावर गेली. वरण असं बेचव झालं की मांजर ताट हुंगून शेजारी निघून गेलं. दुसऱ्या सकाळी पुणेकरीण पुन्हा तेच बोलली. मग गोजरबाईला वाटलं, ज्वारी गव्हावर दळली जात असेल. तिनं माळ्यावरचं जातं खाली काढलं आणि घरची ज्वारी स्वतः दळू लागली. गिरणीवाल्याच्या घरात जात्याची घरघर ऐकून लोक खिडकीशी थांबायचे. पुणेकरीण तरी तेच.

एवढंच लक्षात आलं, की सोमवारी गिरणी बंद असली की मंगळवारी सकाळी ती चकार शब्द काढत नाही. बाकी रोज तक्रार.

"खाता कुठे?" गोजरबाईनं विचारलं.

"कुठेच नाही."

"मग ती खोटं बोलते?"

"ती काय बोलते ते तिला ठाऊक. मी गव्हाला तोंड लावलं नाही."

"दोघांपैकी एक खोटारडं आहे. आणि तिला माझ्याशी खोटं बोलून मिळायचंय काय?"

तोतारामची माणसांशी बोलायची सवयच गेली होती. दिवसभर गिरणीच्या घरघरीत उभा, रात्री कान गुंगलेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवराबायकोचं बोलणं 'भाकरी वाढू?' आणि 'अर्धी' यापलीकडे फारसं गेलं नव्हतं. आता जरुरीच्या वेळी शब्द कुठून आणायचे?

ही फट सापडली सुपडूनानांना. सुपडूनाना म्हणजे तोतारामचे बाळमित्र. गिरणीबाहेरच्या बाकावर त्यांचा मुक्काम. ते एकदा गोजरबाईला वाटेत भेटले.

"वहिनी, मी काही बोलत नाही. मी आपला बाकावर बसतो. समोर कोकिळाचं पोळीभाजी केंद्र. गरम पोळीचा वास सुटला की माझासुद्धा जीव खालीवर होतो. बाई एकटी, हात सढळ. पण मी काही बोलत नाही."

नाना काही बोलले नाहीत म्हणून संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. पाराशी तोतारामनं कोकिळाकडे पाच पोळ्या खाल्ल्या होत्या, मारुतीजवळ त्या पंधरा झाल्या, आणि बसथांब्यावर पोचेपर्यंत तो रोज तुपासकट टोपलं रिकामं करत होता. एवढं खाणाऱ्या माणसाच्या गालांची हाडं कशी दिसतात, हे मात्र कुणी विचारलं नाही.

गोजरबाईनं अबोला धरला. भाकरी वाढायची, पण 'वाढू?' हे विचारणं बंद. तोताराम दोन घास खाऊन उठायचा. गाठ वाढून सदऱ्याचं वरचं बटण लागेनासं झालं. तडवी मॅडम म्हणाल्या, "काका, अर्धवट औषध हे अजिबात औषध नसण्यापेक्षा वाईट. जंतू त्यातून शहाणा होतो. मग साध्या गोळ्यांना भीक घालत नाही. हा महिना पाहू. रक्तात औषध चढलं नाही तर मोठ्या दवाखान्यात दाखल व्हायचं, शिरेतून औषध घ्यायचं. ते किती लांबेल, सांगता येत नाही. आणि आज गाठीत आहे तो उद्या फुफ्फुसात उतरला, तर सगळाच खेळ वेगळा."

परतताना तोताराम एवढंच म्हणाला, "गोजर, मी खोटं बोलत नाही." ती ऐकून न ऐकल्यासारखी पुढे चालली. पण ते वाक्य तिच्या पायात काट्यासारखं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरळ कोकिळाच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

कोकिळाचं लाटणं थांबलं नाही. "या अक्का. वाटच बघत होते. गावानं माझं लग्न लावलंय म्हणे, नवरीला मात्र सांगायचं राहिलं."

"मी भांडायला नाही आले."

"आल्या असत्या तरी उभ्यानंच भांडावं लागलं असतं, बसायला जागा कुठाय." कोकिळानं पोळी तव्यावर टाकली. "तुमचा नवरा एकदाच या दुकानाची पायरी चढला. मी नेलेलं पीठ जाड पडलंय असं त्याच्या डोक्यात आलं, ते परत घ्यायला. मी म्हटलं, पोळी खाऊन बघ, ठीक आहे पीठ. तर म्हणाला, नको, घरी गोजर थांबली असेल जेवायला. पीठ उचलून गेला."

गोजरबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मग गहू जातो कुठून त्याच्या पोटात?"

"त्या पुणेकरणीला विचारा. सगळं कळतं ना तिला."

"काय गेलं ते सांगते. कुठून गेलं ते नाही सांगत."

"मग देवानं डोळे दिलेत ना. समोरच आहे गिरणी. जाऊन बसा."

गिरणीवाल्याची बायको असून गोजरबाई गिरणीत कधी बसली नव्हती. दळणाचा डबा दारात ठेवायचा आणि वळायचं, ही सासूच्या वेळेपासूनची रीत. त्या दिवशी ती आत गेली, नाकाला पदर लावला आणि कोपऱ्यातल्या पोत्यांवर बसली. तोतारामनं पाहिलं, भुवया उडवल्या, आणि घरघरीत काही बोलता येत नाही म्हणून कामाला लागला.

गव्हाचा डबा वर ओतला. दगड फिरला. कापडी नळीतून गरम पीठ खाली पडू लागलं. तोतारामचा हात नळीखाली गेला. चिमूट आली. अंगठ्यानं बोटावर चोळली, कानाशी नेली, आणि मग जिभेच्या शेंड्यावर टेकवली. मान हलली. दगड जरासा आवळला. पुन्हा चिमूट, अंगठा, कान, जीभ. पुढचा डबा.

गोजरबाई बघत राहिली. आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना म्हणून पुढचाही डबा बघितला, त्याच्या पुढचाही. मग ती उठली आणि तिनं बटण दाबून गिरणी बंद केली. एवढी शांतता झाली की बाकावरचे नाना दचकून जागे झाले.

"जीभ दाखवा."

"काय?"

"जीभ."

तोतारामनं जीभ काढली. शेंड्याला खडू लावल्यासारखी पांढरी.

"पीठ उडतं ना इथे, बसतं जिभेवर," तो म्हणाला.

"उडून बसत नाही. तुम्ही ठेवता."

"मी? मी कशाला ठेवू?" असं म्हणता म्हणता त्याचा हात बंद नळीखाली गेला, तिथे साठलेली चिमूट उचलली, अंगठा फिरला, कान झाला, आणि बोट जिभेला लागलं. बोट तिथेच राहिलं. नवराबायको दोघंही त्या बोटाकडे बघत राहिली, जणू दोघांत तिसरंच कुणी येऊन उभं आहे.

"बाप असंच करायचा," तोताराम म्हणाला. "मला वाटायचं, मी पीठ कानानं ओळखतो."

"आणि मला वाटायचं..." गोजरबाईनं वाक्य पुरं केलं नाही. तिनं पदरानं त्याच्या बोटावरचं पीठ पुसलं. त्याला तेवढं पुरलं.

तडवी मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "दळायला हरकत नाही म्हणणारी मीच. चिमूट तर चिमूट, काका, ते उडणारं पीठसुद्धा घशातून पोटात जातं. पोटाला सगळं सारखंच. गव्हाच्या दळणाजवळ फिरकायचं नाही."

तोतारामनं आधी पळवाटा शोधल्या. तोंडाला घट्ट पट्टी बांधली. जीभ आतल्या आत वळवळत राहिली. पीठ नुसत्या कानानं, नुसत्या बोटानं ओळखून पाहिलं. कोकिळा टोपलं घेऊन आली आणि तिनं त्या पिठाची एक पोळी पुढे धरली. ती नकाशासारखी फाटली होती. रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या, आणि घरघंट्यांवरची धूळ पुसली जाऊ लागली.

त्या संध्याकाळी तोताराम गिरणीबाहेर बसून राहिला. "इतकी वर्षं मला वाटलं गिरणी दगडावर चालते. ती जिभेवर चालत होती. गव्हाचं दळण बंद करतो. अर्धी गिरणी गेली म्हणायची."

"जीभ मलाही आहे," गोजरबाई म्हणाली.

"तुला काय कळतं पिठातलं?"

"तीस वर्षं तुमच्या पिठाच्या पोळ्या कुणी लाटल्या? कोकिळानं?"

दुसऱ्या दिवसापासून गव्हाचा दगड गोजरबाईकडे आला. ज्वारीबाजरीसाठी तोतारामनं मागच्या पडवीत वेगळी लहान गिरणी बसवली. मधे भिंत. भिंतीत त्यानं एक काच बसवली आणि काचेशेजारी बोलायला नळी. चिमूट ती घ्यायची, आणि तो पलीकडून विचारायचा.

"कसं लागतं?"

"पिठासारखं."

"पिठासारखं म्हणजे कसं?"

"आता पीठ कसं लागतं ते कसं सांगू, जीभ काय काढून देऊ?"

"बघ ना, कशासारखं ते."

गोजरबाईनं डोळे मिटले. "मांजरानं हात चाटल्यासारखं."

"मग आवळ थोडा. आता?"

"नव्या पातळाच्या काठासारखं."

"अजून केसभर. आता?"

तिनं पुन्हा चिमूट जिभेला लावली. मग ती म्हणाली, "आपली पोरगी लहान होती ना, तिला न्हाऊ घालून, पावडर लावून मांडीवर घेतली की गाल लागायचा, तसं."

पलीकडची लहान गिरणी थांबली. "काढ डबा," तो म्हणाला.

इतकं बोलणं त्या दोघांत आधीच्या सगळ्या वर्षांत झालं नसेल. पिठाला नावं ठेवता ठेवता सासूची आठवण निघायची, तिकडून दिराची कुरापत निघायची, रांगेतल्या बाया डबा मिळाला तरी ऐकायला थांबायच्या. आणि पीठ? नवऱ्याचं चांगलं की बायकोचं, यावरून पारावर दोन तट पडले. सुपडूनाना तेवढे हळूच आपला डबा घेऊन आले.

"वहिनी, मी काही बोललो नव्हतो."

"म्हणूनच तुमचं जाड दळलंय, नाना. सावकाश चावा."

गाठ एकदम उतरली नाही. मखमल उगवायला वेळ लागतो. पण त्या महिन्याच्या शेवटी रक्तात औषध पहिल्यांदा पुरेसं दिसलं, आणि मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी तडवी मॅडमनी फाडली. पुढे लिंबाची सुपारी झाली, सुपारीचा हरभरा झाला, आणि एक दिवस वरचं बटण लागलं. पुणेकरीण म्हणाली, "रुग्णाची प्रगती समाधानकारक आहे. तथापि हुरळून जाऊ नये." गोजरबाई हुरळली नाही. तिनं नुसता शिरा केला, वरीच्या पिठाचा.

वर्ष सरलं. दाण्याची मुदत संपली. तडवी मॅडमनी शेवटची तपासणी केली, मान दाबून पाहिली आणि हसल्या. "क्षय गेला. सीलिअ‍ॅक मात्र जन्माचा सोबती आहे, काका. गहू कायमचा बंद. ठरल्या वेळी रक्त तपासायला यायचं. आणि नवा दाणा हवा असेल तर देते. सक्ती नाही."

तोतारामनं हात पुढे केला. "द्या. हिचा जीव निवांत राहील."

गोजरबाईनं फोन टेबलावर ठेवला आणि मॅडमकडे सरकवला. "रक्त तपासायला आणीन मी यांना. पण दाणा नको."

"काकू, नक्की?"

"तिनं सांगितलं ते सगळं खरं होतं. पण खरं ऐकून मी घरात महिनाभर अबोला धरला. आता मी यांना विचारीन, ते सांगतील. बास."

केळीच्या बागांमधून दोघं पायीच निघाली. ड्रोन वर घड मोजत होते.

"काल दुपारी कुठे होतात?" गोजरबाईनं विचारलं.

"नानाकडे बारशाला."

"खाल्लं काय?"

"चिवडा. मुरमुऱ्यांचा." तो दोन पावलं मागे पडला. "शंकरपाळ्यांची बशीही फिरली. एक हातात घेतली होती."

"मग?"

"बघितली. ठेवली परत."

गोजरबाई तशीच पुढे चालत राहिली. तिनं वळून त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, आणि जीभ दाखवा असंही म्हणाली नाही.

"पाय उचला," ती म्हणाली. "कोकिळा पिठासाठी खोळंबली असेल."